बेरीज कोणी करायची: वेअरहाउसने की ॲप्लिकेशनने?

पानगळ

गेले दोन महिने एका ग्रंथालय-जाळ्याच्या डेटा वेअरहाउसवर (विश्लेषणासाठी एकत्र साठवलेल्या डेटावर) चालणारं रिपोर्टिंग ॲप्लिकेशन लिहिते आहे. ४० शाखा, सुमारे २०,००० शीर्षकं आणि रोजच्या देवघेवीचा एक मोठा फॅक्ट टेबल, म्हणजे घडलेल्या घटनांच्या नोंदींचा टेबल. डायमेन्शन्स, म्हणजे आकडे ज्यांच्यानुसार पाहायचे त्या मिती, नेहमीचीच: शाखा, पुस्तक, वाचक, तारीख. वापरणाऱ्यांना आडव्या-उभ्या तक्त्यात आकडे हवे असतात. ओळीत शाखा, स्तंभात महिने, कडेला आणि खाली बेरजा.

आतापर्यंतची पद्धत अशी: तक्त्यात जी सर्वांत बारीक पातळी दिसणार आहे त्या पातळीचे आकडे एका क्वेरीने आणायचे आणि कडेच्या बेरजा माझ्या कोडमध्ये एक लूप फिरवून करायच्या. 'दिलेली पुस्तकं' हा आकडा दाखवत होते तोवर सगळं जुळत होतं. मग मागणी आली 'वेगळे वाचक' दाखवण्याची, म्हणजे त्या काळात किती निरनिराळ्या माणसांनी पुस्तकं नेली. जानेवारीत तीन शाखांचे आकडे ४००, ३५० आणि ३००. स्क्रीनने एकूण दाखवले १०५०. ग्रंथपाल म्हणाले, एवढे वाचक या तीन शाखांत नाहीतच. मूळ नोंदी काढून मोजले तर ९१०.

चूक कळायला वेळ लागला नाही. एकच माणूस दोन शाखांतून पुस्तकं नेतो, तो माझ्या बेरजेत दोनदा येतो. पण एवढंच ठिगळ लावून पुढे जायचं नाहीये. उद्या दुसरा आकडा येईल आणि तोही असाच चुकेल. वेअरहाउसमधला बहुमितीय डेटा विचारणारं ॲप्लिकेशन मुळात रचायचं कसं, हे शिकायचं आहे. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

घनमूळ

चांगला धागा काढलात. माझं उत्तर एका वाक्यात सांगतो आणि मग कारण देतो: ॲप्लिकेशनने कधीच बेरीज करू नये. अगदी सोपी वाटली तरी.

मेजर, म्हणजे मोजायचे आकडे, तीन जातीचे असतात. पहिली जात कुठल्याही दिशेने बेरीज चालणाऱ्यांची, तुमची 'दिलेली पुस्तकं' त्यातली. दुसरी जात काही दिशांना बेरीज चालणाऱ्यांची. साठा घ्या. महिनाअखेरीस कपाटात जानेवारीत १२,०००, फेब्रुवारीत १२,३०० आणि मार्चमध्ये १२,२५० पुस्तकं होती. तिमाहीचा साठा ३६,५५० नाही, १२,२५० आहे. शाखांवर बेरीज चालते, वेळेवर चालत नाही; तिथे शेवटचा आकडा घ्यायचा. तिसरी जात कुठेच बेरीज न चालणाऱ्यांची: वेगळे वाचक, टक्केवारी, सरासरी.

टक्केवारीत तर जाणते लोकही फसतात. एका शाखेतून १,००० पुस्तकं गेली, ५० उशिरा परत आली: ५ टक्के. दुसरीतून १०० गेली, २० उशिरा आली: २० टक्के. सरासरी काढाल तर १२.५ टक्के. खरं उत्तर १,१०० पैकी ७०, म्हणजे ६.३६ टक्के. जवळजवळ निम्मं! आणि १२.५ हा आकडा दिसायला इतका शहाणा आहे की कोणाला शंकाही येत नाही.

आता मुद्दा असा की कुठला मेजर कुठल्या जातीचा हे ज्ञान वेअरहाउसच्या मॉडेलमध्ये असतं, निदान असायला हवं. तुमच्या लूपला ते माहीत नाही. म्हणून लूपने बेरीज केली की ती फक्त पहिल्या जातीसाठी बरोबर येते, आणि तीही नशिबाने.

याच्या मुळाशी एक कल्पना आहे, ती एकदा बसली की बाकीचं सुटत जातं. क्यूबमध्ये, म्हणजे डायमेन्शन्सच्या अक्षांवर आकडे मांडलेल्या बहुमितीय रचनेत, 'सर्व शाखा' हा शाखा-डायमेन्शनचाच एक मेंबर (घटक) आहे. जसा एखाद्या शाखेचा सेल, तसाच 'सर्व शाखा'चा सेल. एकूण ही तुम्ही करायची क्रिया नाही, तो एक पत्ता आहे. 'सर्व शाखा, जानेवारी, वेगळे वाचक' या पत्त्यावर काय आहे, एवढंच विचारायचं. तिथे ९१० असेल तर ९१० मिळेल.

---

आडवी_ओळ

घनमूळ यांच्याशी सहमत. पण यासाठी क्यूबच हवा असं नाही हे सांगून ठेवते, कारण पानगळ यांच्याकडे रिलेशनल, म्हणजे साध्या टेबलांचं, वेअरहाउस दिसतंय.

१९९६ साली संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी 'क्यूब' हा ऑपरेटर मांडला आणि डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेच्या एसक्यूएल:१९९९ या प्रमाणकात क्यूब, रोलअप आणि ग्रुपिंग सेट्स आले. आज बहुतेक मोठ्या डेटाबेसमध्ये ते आहेत. तुमच्या तक्त्याला चार प्रकारची गटवारी लागते: शाखा-महिना, नुसती शाखा, नुसता महिना आणि काहीच नाही. ही चारही ग्रुप बायमध्ये ग्रुपिंग सेट्स म्हणून लिहा आणि काउंट डिस्टिंक्ट (निरनिराळी मूल्यं एकेकदाच मोजणारं फंक्शन) लावा. प्रत्येक गटासाठी वेगळे वाचक डेटाबेस स्वतंत्र मोजतो, शाखांचे आकडे जोडत बसत नाही.

सरसकट क्यूब मात्र लिहू नका. n स्तंभांचा क्यूब २ चा n वा घात इतक्या गटवाऱ्या करतो. पाच स्तंभांना ३२, दहाला १,०२४. तुम्हाला त्यातल्या चारच हव्या असतात. रोलअप त्यामानाने संयमी आहे, वर्ष-तिमाही-महिना यावर चारच गटवाऱ्या देतो.

एक खड्डा आधीच दाखवते. बेरजेच्या ओळीत शाखेच्या जागी नल (रिकामं मूल्य) येतो. पण डेटातच शाखा नोंदलेली नसेल तरी नलच येतो. कोडमध्ये 'नल म्हणजे एकूण' असं धरलंत तर एके दिवशी तक्त्यात दोन 'एकूण' ओळी दिसतील. यासाठी ग्रुपिंग नावाचं फंक्शन आहे: बेरजेच्या ओळीला १ देतं, बाकीच्यांना ०. ते कायम सोबत मागा आणि ओळ ओळखायची ती त्यावरून, नलवरून नाही.

---

नवीनच

मी या क्षेत्रात सहा महिन्यांचा आहे, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. एसक्यूएलमध्ये हे सगळं होतं, मग एमडीएक्स वगैरे क्यूबला प्रश्न विचारायच्या वेगळ्या भाषा कशाला निघाल्या?

---

घनमूळ

बाळबोध अजिबात नाही.

एसक्यूएलचं उत्तर म्हणजे ओळींची यादी. दोन मितींचा तक्ता हवा असेल तर ती यादी उलगडून तक्ता तुम्ही करता. बहुमितीय भाषेत उत्तराचा आकारच तुम्ही प्रश्नात सांगता: पहिल्या अक्षावर हे मेंबर, दुसऱ्यावर ते, आणि बाकीच्या डायमेन्शन्सचा पत्ता क्वेरीच्या वेअर या भागात. एमडीएक्समध्ये अक्षांना कॉलम्स, रोज, पेजेस अशी नावं आहेत आणि अक्ष १२८ पर्यंत असू शकतात. व्यवहारात दोनच वापरले जातात, कारण पडद्याला दोनच बाजू.

इतिहास थोडक्यात. 'ओलॅप' (बहुमितीय विश्लेषण) हा शब्द १९९३ साली रिलेशनल मॉडेलचे जनक ई. एफ. कॉड यांच्या लेखातून रूढ झाला. बहुमितीय इंजिनं त्याआधीपासून होती, एक्स्प्रेस तर १९७० च्या दशकातलं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओएलई डीबी फॉर ओलॅप या स्पेसिफिकेशनसोबत एमडीएक्स आणली आणि १९९८ मध्ये एसक्यूएल सर्व्हर ७.० बरोबर ओलॅप सर्व्हिसेस. पुढे इतर इंजिनांनीही एमडीएक्स स्वीकारली. जावावाल्यांसाठी मोन्द्रियान हे इंजिन आणि ओलॅपफोरजे हा एपीआय आले.

प्रोग्रामरच्या दृष्टीने महत्त्वाचं ते उत्तराचं रूप. उत्तर म्हणून सेलसेट मिळतो. त्यात अक्षांच्या याद्या वेगळ्या आणि सेल वेगळे. अक्षावरच्या प्रत्येक जागेला आपले मेंबर माहीत असतात: नाव, पातळी, वर कोण, खाली मुलं आहेत का. सेलचा क्रमांक जागांवरून निघतो. चार स्तंभ असतील तर ५ क्रमांकाच्या ओळीतल्या २ क्रमांकाच्या स्तंभातल्या सेलचा क्रमांक ५ गुणिले ४ अधिक २, म्हणजे २२. मोजणी शून्यापासून. शोधाशोध नाही, डिक्शनरी नाही.

ॲडोएमडी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत तीच क्वेरी सेलसेट म्हणूनही चालवता येते आणि सपाट रीडर म्हणूनही. ओळखीचा आहे म्हणून लोक रीडर घेतात. तिथेच पातळी, पालक, मुलं ही माहिती हातातून सुटते, आणि मग ती परत जुळवायला शंभर ओळींचं कोड लिहावं लागतं. मी स्वतः हे केलं आहे, दोन प्रकल्पांत. सपाट करायचं असेल तर अगदी शेवटी करा, पडद्यावर रंगवताना.

ओरॅकलच्या ओलॅप जावा एपीआयने तर क्वेरीचा मजकूरच टाळला होता. तिथे सोर्स नावाच्या वस्तू एकमेकींना जोडत क्वेरी उभी करायची आणि उत्तरावर कर्सर उघडायचा. कर्सरच्या आत प्रत्येक डायमेन्शनसाठी वेगळा कर्सर, आणि मूल्यासाठी एक. शिकायला जड होतं, पण त्याने एक सवय लावली: क्वेरी म्हणजे जोडलेलं वाक्य नव्हे, रचना असलेली वस्तू. ती सवय एसक्यूएल लिहितानाही उपयोगी पडते. वापरणाऱ्याने शाखेवर क्लिक केलं की स्ट्रिंगमध्ये काहीतरी घुसवायचं नाही. 'शाखा' या अक्षाची पातळी बदलायची आणि मजकूर त्या वस्तूवरून नव्याने तयार करायचा.

---

तिसरी_मिती

शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. पण घनमूळ यांच्या एकूण सुरात क्यूब सर्व्हरची बाजू जास्त आहे असं वाटलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

क्यूबचा मोठा आधार होता आधीच काढून ठेवलेल्या बेरजा. सगळ्या साठवणं परवडत नाही, म्हणून कोणत्या साठवायच्या हा खरा प्रश्न होता. १९९६ च्या हरिनारायण, राजारामन आणि उल्मन यांच्या निबंधात यावर सुंदर उत्तर आहे: दर वेळी सर्वांत जास्त फायदा देणारी बेरीज निवडत गेलं तर एकूण फायदा उत्तमोत्तम निवडीच्या किमान ६३ टक्के मिळतो. पण आता स्तंभनिहाय साठवण करणारे डेटाबेस आले आहेत. क्लिकहाउस २०१६ मध्ये खुलं झालं, डकडीबी २०१९ मध्ये आलं. कोट्यवधी ओळींची बेरीज ते जागेवर काढतात. पानगळ यांच्या आकाराला वेगळा क्यूब सर्व्हर उभारणं म्हणजे एक जादा यंत्रणा सांभाळणं, तिचं रोजचं प्रोसेसिंग आणि ते अडकलं की सकाळचे फोन.

---

घनमूळ

वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी त्यासाठी भांडणार नाही. मला क्यूबमध्ये मोलाची वाटते ती व्याख्या. 'उशिराचं प्रमाण' म्हणजे काय, ते वर जाताना कसं मोजायचं, साठ्याचा शेवटचा आकडा कुठल्या दिशेने घ्यायचा, हे एका जागी लिहिलेलं असतं. रिलेशनलवर गेलात की तेच ज्ञान तीस रिपोर्टच्या तीस क्वेऱ्यांत पसरतं, आणि एकतिसावी लिहिणाऱ्याला त्यातला अर्धा भाग माहीत नसतो.

---

तिसरी_मिती

मान्य, पूर्ण मान्य. म्हणून मी रिलेशनलवर काम करताना एक पातळ थर लिहितोच. प्रत्येक मेजरची नोंद: सूत्र काय, जात कोणती, कुठल्या डायमेन्शन्सवर अर्थ लागतो. प्रत्येक डायमेन्शनची नोंद: टेबल, पातळ्या, 'की' (ओळख-क्रमांक), दाखवायचं नाव. पडदा या थराकडे मेजर, अक्ष आणि गाळण्या मागतो, थर एसक्यूएल बनवतो. पडद्याच्या कोडमध्ये एकही सम (बेरजेचं फंक्शन) लिहिलेला नसतो. असे तयार थरही (सिमँटिक लेयर) मिळतात, पण लहान प्रकल्पाला हाताने लिहिलेला थरही पुरतो. क्यूब सर्व्हर नको म्हणणाऱ्याने ही जबाबदारी मात्र टाळू नये.

---

आडवी_ओळ

या थरात दोन गोष्टी बसवा, कारण त्या प्रत्येक जण आपापल्या क्वेरीत चुकतो.

एक, दोन फॅक्ट टेबल कधीच थेट जोडू नका. समजा देवघेव आणि आरक्षण असे दोन फॅक्ट आहेत. एका वाचकाच्या ३ देवघेवी आणि २ आरक्षणं. वाचकाच्या कीवर जोडलं की ६ ओळी होतात. देवघेवी ६ दिसतात, आरक्षणंही ६. प्रत्येक फॅक्टची वेगळी क्वेरी करून दोन्ही समान डायमेन्शन्सच्या एकाच पातळीला आणा आणि त्या दोन लहान निकालांची जोडणी करा. ती जोडणी फुल आउटर, म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारी, हवी, नाहीतर ज्या शाखेत आरक्षणच नाही ती शाखा गायब होते. वेअरहाउस-रचनेचे जाणकार राल्फ किंबॉल यांच्या परंपरेत याला ड्रिल अक्रॉस म्हणतात, आणि यासाठीच दोन्ही फॅक्टना तंतोतंत तेच डायमेन्शन वापरायला ते सांगतात.

दोन, 'गेल्या महिन्यापेक्षा किती'. सगळे लॅग (मागच्या ओळीचा आकडा देणारं फंक्शन) लावून मोकळे होतात. लॅगला महिने कळत नाहीत, त्याला ओळी कळतात. एखादी शाखा दुरुस्तीसाठी मे महिनाभर बंद होती, मेची ओळच नाही. मग जूनची तुलना एप्रिलशी होते आणि वर 'गेल्या महिन्याच्या तुलनेत' असं लिहिलेलं राहतं. आधी तारीख-डायमेन्शनमधले सगळे महिने आणि सगळ्या शाखा यांची चौकट उभी करा, तिला आकडे लेफ्ट जॉइनने चिकटवा, मग लॅग. एमडीएक्समध्ये पॅरलल पीरिअड हे फंक्शन हायरार्कीवरून (वर्ष-तिमाही-महिना अशा उतरंडीवरून) चालतं, त्यामुळे मे रिकामा असला तरी मेच राहतो. ही गोष्ट त्या भाषेत खरंच चांगली आहे.

---

नवीनच

मग एक विचारतो. मेच्या रिकाम्या सेलमध्ये काय दाखवायचं? शून्य, की काहीच नाही?

---

घनमूळ

दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. शून्य म्हणजे शाखा उघडी होती आणि कोणी पुस्तक नेलं नाही. रिकामं म्हणजे तशी घटनाच नोंदलेली नाही. फॅक्ट टेबलमध्ये ओळ नसणं हे 'रिकामं', आणि त्यातून 'शून्य' करायचं का हे काम समजणाऱ्याने ठरवायचं असतं, प्रोग्रामरने कोअलेस (नलच्या जागी दुसरं मूल्य घालणारं फंक्शन) लावून नाही. सरासरीला याचा थेट फटका बसतो. रिकामा महिना सरासरीत मोजला जात नाही, शून्याचा मोजला जातो.

रिकामेपणाचं प्रमाण लोकांना डोळ्यांसमोर येत नाही. ४० शाखा, २०,००० शीर्षकं, ३६५ दिवस: २९ कोटी २० लाख सेल. वर्षाला ८ लाख देवघेवी होत असतील तर जास्तीत जास्त ८ लाख सेल भरलेले, म्हणजे हजारातले तीनसुद्धा नाहीत. म्हणून शाखा आणि शीर्षकं यांचा क्रॉसजॉइन (प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी) करून पडदा भरायला गेलात तर मेमरी संपते ती रिकाम्या जागांनी.

एमडीएक्समध्ये अक्षावर नॉन एम्प्टी लिहिलं की पूर्ण रिकाम्या ओळी गळतात. नॉनएम्प्टी नावाचं फंक्शनही आहे, ते सेटच्या आत चालतं आणि कोणत्या मेजरवरून रिकामं ठरवायचं ते त्याला सांगता येतं. दोन्ही एकच आहेत असं समजू नका. फंक्शनला मेजर दिला नाही तर तो आजूबाजूच्या संदर्भातला, बहुतेकदा डीफॉल्ट, मेजर धरतो आणि भलत्याच ओळी गाळतो.

---

हमखास

उशिरा आलो, पण दोन-तीन विषय राहिलेत असं वाटतं.

गाळणी आणि एकूण यांचं नातं. वापरणाऱ्याने ४० पैकी ३ शाखा निवडल्या. खालच्या ओळीत त्याला तिघींची एकूण हवी आहे. 'सर्व शाखा' हा मेंबर विचारलात तर ४० शाखांचा आकडा येईल. घनमूळ यांचं 'एकूण हा पत्ता आहे' हे इथे अपुरं पडतं, कारण या तिघींचा मिळून असा तयार पत्ता नाही, तो बनवावा लागतो. एमडीएक्समध्ये अशा वेळी सम वापरू नका, ॲग्रीगेट वापरा. सम म्हणजे तीन आकड्यांची बेरीज, पुन्हा तुमचे १०५०. ॲग्रीगेट त्या मेजरच्या स्वतःच्या पद्धतीने मोजतं. किंवा फ्रॉममध्ये सबसिलेक्ट लिहून क्यूबच तीन शाखांपुरता करा, मग 'सर्व' म्हणजे तेवढेच.

हाच प्रश्न सुरक्षेत जास्त गंभीर होतो. एखाद्या वापरकर्त्याला ५ पैकी ४ शाखाच दिसायची परवानगी आहे. पण एकूण पाचांची दिसत असेल तर वजाबाकी करून पाचवीचा आकडा त्याला कळतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲनालिसिस सर्व्हिसेस या क्यूब सर्व्हरमध्ये रोलवर (परवानग्यांच्या गटावर) व्हिज्युअल टोटल्स नावाची खूण आहे, ती मुद्दाम लावावी लागते, आपोआप लागलेली नसते. हाताने थर लिहिणाऱ्यांनी परवानगीची गाळणी सर्वांत आत, फॅक्टवर लावावी. तक्ता तयार झाल्यावर ओळी लपवू नयेत. आणि निकाल कॅशमध्ये ठेवत असाल तर कॅशच्या कीमध्ये वापरकर्त्याचा रोल हवाच. एका कामात तो राहिला होता. एका विभागाचे आकडे दुसऱ्याला दिसले आणि ते आमच्याआधी त्यांच्या लक्षात आलं. तो दिवस अजून विसरलेलो नाही.

बाहेरून आलेलं नाव क्वेरीत जसंच्या तसं चिकटवू नका, हे एसक्यूएलवाल्यांना पाठ असतं. एमडीएक्समध्येही तोच धोका आहे. पॅरामीटर घ्या, आणि त्यावरून मेंबर काढताना स्ट्रटूमेंबर या फंक्शनला कन्स्ट्रेन्ड ही खूण द्या. मग तिथे फक्त मेंबरचं नाव चालतं, सूत्र चालत नाही.

आणि रिपोर्ट साठवताना मेंबर त्याच्या कीने साठवा, दिसणाऱ्या नावाने नाही. शाखेचं नाव बदललं की नावाने साठवलेले सगळे रिपोर्ट मुके होतात. चूकही दाखवत नाहीत, नुसते रिकामे येतात.

---

घनमूळ

हमखास, 'पत्ता बनवावा लागतो' ही दुरुस्ती योग्य आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादाला जोडून वाचावी.

---

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस गेले, आता काय केलं ते लिहिते.

क्यूब सर्व्हर घेतला नाही. तिसरी_मिती यांच्या सांगण्याप्रमाणे पातळ थर लिहिला. सध्या त्यात नऊ मेजर आहेत. प्रत्येकाची जात लिहायला बसले तेव्हा कळलं की 'शीर्षकांचा वापर' या आकड्याच्या दोन विभागांत दोन व्याख्या चालू होत्या. त्यावरच एक दिवस गेला, पण तो सत्कारणी लागला. पडद्याच्या कोडमधला बेरजेचा लूप काढून टाकला. ग्रुपिंग सेट्सने बेरजा डेटाबेसमधूनच येतात, बेरजेची ओळ ग्रुपिंग फंक्शनवरून ओळखते. उशिराचं प्रमाण आता अंश आणि छेद वेगळे आणून, दोन्हींची एकूण झाल्यावर भागून निघतं.

आणि तरीही जुळलं नाही. तीन शाखांचे जानेवारीतले वेगळे वाचक आता ९२१ येतात. मूळ नोंदींत ९१०. आधी १४० चा फरक होता, आता ११ चा. लोक म्हणतात हे चालेल, मला झोप येत नाही. शाखानिहाय पाहिलं तर तिथेही फरक आहे: ४०० च्या जागी खरे ३९५, ३५० च्या जागी ३४७, ३०० च्या जागी ३००. काउंट डिस्टिंक्ट वाचक-डायमेन्शनच्या कीवर लावला आहे. तीच लावायची ना?

---

तिसरी_मिती

फरक एका शाखेच्या आतसुद्धा आहे, म्हणजे दोन शाखांत जाणाऱ्यांमुळे तो येत नाही. ही वाचक-की सरोगेट आहे का, म्हणजे डायमेन्शनच्या प्रत्येक ओळीला वेअरहाउसने दिलेला क्रमांक? वाचकाचा वर्ग बदलला, समजा विद्यार्थीचा साधारण झाला, तर डायमेन्शनमध्ये जुनी ओळ बदलता की नवी ओळ घालता?

---

पानगळ

नवी ओळ. जुन्या ओळीला शेवटची तारीख लागते. टाइप २.

---

तिसरी_मिती

मग हेच. जानेवारीत ज्यांचा वर्ग बदलला आणि बदलाआधी व नंतर दोन्ही वेळा ज्यांनी पुस्तक नेलं, त्यांच्या दोन सरोगेट की फॅक्टमध्ये आल्या. माणूस एक, की दोन. काउंट डिस्टिंक्ट सभासद क्रमांकावर लावा, म्हणजे माणसाबरोबर कायम राहणाऱ्या कीवर. सरोगेट की ओळीची ओळख आहे, माणसाची नाही. तो क्रमांक फॅक्टमध्येही ठेवला तर दर वेळी डायमेन्शनशी जोडावं लागणार नाही.

---

आडवी_ओळ

एक जोड. क्रमांक बदलून घेतल्यावरही वर्गनिहाय तक्त्यात तो माणूस 'विद्यार्थी' आणि 'साधारण' दोन्ही ओळींत येईल, आणि तो तसा यायलाच हवा; त्या महिन्यात तो दोन्ही होता. खालची एकूण त्याला एकदाच मोजेल. वापरणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर वरचे आकडे हाताने जोडून पाहणारा कोणीतरी तुम्हाला 'बेरीज चुकली' म्हणून कळवेल.

---

पानगळ

सभासद क्रमांकावर मोजलं. ९१०. तिन्ही शाखांचे आकडेही मूळ नोंदींशी जुळले. वर्ग बदललेले आणि दोन्ही ओळखींनी मोजले गेलेले ११ सभासद नावानिशी पाहिले.

आडवी_ओळ, तुमची सूचना तक्त्याच्या खाली एका ओळीत लिहून टाकली. आता बाकीचे आठ मेजर अशाच रीतीने मूळ नोंदींवरून तपासायला घेते आहे. साठ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तिमाहीची अखेर सुट्टीच्या दिवशी आली तर त्या दिवसाची ओळच नाही, आणि 'शेवटचा आकडा' म्हणजे शेवटच्या तारखेचा की शेवटचा नोंदलेला, हे मी थरात अजून लिहिलेलंच नाही.

---

घनमूळ

शेवटचा नोंदलेला, पण तो शाखानिहाय काढा. सगळ्या शाखांची मिळून शेवटची तारीख घेतलीत तर ज्या शाखेने त्या दिवशी मोजणी केली नाही तिचा साठा शून्य धरला जाईल. ॲनालिसिस सर्व्हिसेसमध्ये मेजरला लास्ट नॉन एम्प्टी (शेवटचा भरलेला आकडा) ही पद्धत लावणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं: वरच्या पातळीला तो सगळ्या शाखांचा एकत्रित शेवटचा दिवस बघतो. आधी प्रत्येक शाखेचा शेवटचा आकडा, मग शाखांची बेरीज. क्रम उलटा झाला की आकडा बदलतो.